अकोल्यातला समुद्र

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. बुधवारी सकाळी ऑफिसचा कॉल सुरू होता आणि अकोल्याहून भाऊजींचा फोन आला. कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. मग मेसेज आला, एकाच शब्दाचा: "गेला."

घरात ऐंशी पार केलेले आजोबा असताना असा मेसेज वाचून काय होतं ते सांगायला नको. कॉल तसाच सोडून गॅलरीत पळालो.

"भाऊजी, कोण गेलं?"

"अरे, तो निळा गेला ना! सकायी पायतो त तयाशी पडला होता."

निळा म्हणजे निळा टँग. 'फाइंडिंग निमो'मधली डोरी ज्या जातीची आहे, तो मासा. तीनच दिवसांपूर्वी मी स्वतः तो मुंबईहून आणून दिला होता, साडेतीन हजार रुपये मोजून. शनिवारी एक क्लाउनफिश गेला आणि सोमवारी दुसरा. नवव्या दिवशी भाऊजींची चार फुटी टाकी पुन्हा रिकामी!

त्या सोमवारी रात्री माझी सात वर्षांची भाची फोनवर आली. "मामा, ते का मेले?"

मी म्हणालो, "अगं, ते आधीच आजारी होते."

दिलं ठोकून. खात्री कसलीच नव्हती. पण लहान मुलाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं आणि हे सगळ्यात सोपं होतं. भाऊजींनी त्यांच्या परीनं दुकानदाराला शिव्या घातल्या. ताईच्या सासूबाईंनी नजर लागली म्हणून सांगितलं. अमरावतीला आईचं म्हणणं पडलं, "समुद्राचे मासे आपल्या वऱ्हाडात कशे जगतीन?" चार माणसं, चार कारणं, आणि एकाही कारणात आमचा कोणाचा दोष नाही. गंमत आहे ना?

आमच्या धंद्यात प्रॉडक्शनवर काही कोसळलं की दुसऱ्या दिवशी मूळ कारण लिहून द्यावं लागतं. तिथं मी 'सर्व्हर मुळातच नाजूक होता' असं लिहिलं तर मॅनेजर मला बसवून चहा पाजेल आणि मग विचारेल, 'बरं, आता खरं सांग.' तर त्या वीकेंडला मी माशांचं तसं पोस्टमॉर्टेम करायला बसलो. त्यातून माझं जे मत झालं ते आधीच सांगून टाकतो: घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवा मासा पहिल्या पंधरा दिवसांत मेला, तर बहुतेक वेळा तो माणसाच्या घाईनं मेलेला असतो. नाजूकपणा वगैरे नंतरच्या गोष्टी.

आता एकेक आरोपी घेऊ.

टाकी गुरुवारी भरली. साधारण 250 लिटर पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे जवळजवळ नऊ किलो सागरी मीठ ओतलं. पाणी काचेसारखं स्वच्छ, दिवे लागले, पंप घुमायला लागला. आणि रविवारी पहाटे मासे हजर! वर्गमित्राची वास्तुशांतही एवढ्या घाईत उरकत नाहीत.

पण स्वच्छ दिसणारं पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे. मासा खातो, श्वास घेतो आणि कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत राहतो. समुद्रात तो कुठच्या कुठे जातो. टाकीत मात्र मासा स्वतःच्याच विषात पोहत असतो. त्याला वाचवतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं ही दोन पायऱ्यांची भानगड 1890 च्या सुमारास उलगडली, म्हणजे माहिती काही नवी नाही. हे जिवाणू दगडांवर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजावर हळूहळू वाढतात. पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. आम्ही त्यांना किती दिवस दिले? तीन.

त्यात खाऱ्या टाकीची आणखी एक गोम आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक जहाल आणि एक बराच सौम्य. कोणतं रूप किती, हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. पीएच एका अंकानं वाढला की जहाल रूपाचं प्रमाण जवळजवळ दसपट होतं. गोड्या पाण्याच्या टाकीत पीएच 7 च्या आसपास असेल तर थोडा अमोनिया गप्पी-मोलीसारखे मासे निभावून नेतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3. म्हणून "आमच्या घरी गप्पी लगेच सोडले होते, काही झालं नाही" हा अनुभव इथं कामाचा नाही. आमच्याकडे अमोनिया मोजायचं किटसुद्धा नव्हतं. दिव्यांवर चार हजार खर्च केले होते, किटवर शून्य.

दुसरा आरोपी मी स्वतः.

शनिवारी संध्याकाळी मुंबईत मासे घेतले. दुकानदारानं पिशवीत ऑक्सिजन भरून, थर्माकोलच्या खोक्यात नीट बांधून दिले होते. रात्री अमरावती एक्सप्रेसनं निघालो, खोकं मांडीवर ठेवून. पहाटे अकोला. मी एक अर्धवट लेख वाचला होता की नवा मासा घाईनं टाकीत सोडू नये, पिशवी उघडून नळीनं थेंब-थेंब टाकीचं पाणी त्यात सोडावं. मी मोठ्या निष्ठेनं तीन तास हे केलं. भाऊजी पोहे खाऊन झोपून उठले, मी तिथंच बसलेला.

हा उपाय दुकान दोन गल्ल्या पलीकडे असेल तर ठीक आहे. पण रात्रभराच्या प्रवासात पिशवीत काय होतं पाहा. मासा अमोनिया सोडतो, त्याचबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतो. त्या वायूनं पाण्याचा पीएच उतरतो, आणि पीएच उतरल्यामुळं साठलेला अमोनिया बराचसा सौम्य रूपात राहतो. निसर्गाची आपोआप झालेली सोय! आपण पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो, आणि रात्रभराचा सगळा साठा जहाल व्हायला लागतो. वरून मी 8.2 पीएचचं पाणी थेंब-थेंब टाकून त्याला हातभार लावत होतो. तीन तास! आयुष्यात एकदा धीर धरला, तोही चुकीच्या जागी.

लांबून आलेल्या माशासाठी बरोबर रीत अशी: दुकानातल्या पाण्याचा खारटपणा आधी विचारून घ्यायचा, आपल्या वेगळ्या छोट्या टाकीचं पाणी तेवढंच ठेवायचं, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवून फक्त तापमान जुळवायचं, आणि पिशवी उघडल्यावर मासा लगेच उचलून आत सोडायचा. पिशवीतलं पाणी फेकून द्यायचं.

खारटपणा विचारायचा कशाला? कारण बरेच दुकानदार आपल्या टाक्या समुद्रापेक्षा कमी खारट ठेवतात. मिठाचा खर्च वाचतो आणि काही परजीवीही दबून राहतात. आता कैरीच्या फोडींना मीठ लावलं की काय होतं ते आठवा. पाणी सुटतं. समुद्रातल्या माशाचं हेच होत असतं. बाहेरचं पाणी अंगातल्या पाण्यापेक्षा खारट, त्यामुळं अंगातलं पाणी सतत बाहेर जातं. म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींवाटे बाहेर टाकतो. कमी खारट पाण्यातून त्याला एकदम जास्त खारट पाण्यात टाकलं, की या पेशींना जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. खारटपणा वाढवायचा तो दिवसांच्या हिशेबानं.

आणि आमच्या टाकीचा खारटपणा किती होता? मासे मेल्यानंतर रिफ्रॅक्टोमीटर मागवून मोजला. समुद्राचं विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास असतं. आमचं निघालं 1.032.

कारण तिसरा आरोपी: अकोल्याचं ऊन.

वऱ्हाडातला मार्च म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगून कळणार नाही. मे महिन्यात तर आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो. हवा एवढी कोरडी, की दोरीवरचा टॉवेल चहा होईपर्यंत वाळतो. टाकीतलं पाणी उडत होतं. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. कूलरच्या गवताच्या जाळ्यांवर पांढरा थर चढतो ना, तोच हिशेब. घट भरून काढायला साधं आरओचं पाणी घालायचं असतं. भाऊजी रोज इमानदारीनं मीठ कालवलेलं पाणी घालत होते. "समुद्राचा मासा हाये, साधं पानी कसं टाकू?" त्यांचंही तर्काला धरूनच होतं म्हणा.

शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. 25 अंशांना गोडं पाणी लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवतं, समुद्राचं पाणी पावणेसात. पाणी 30 अंशांवर गेलं की खाऱ्या पाण्यात उरतात साधारण सहा. आधीच दमलेल्या, कल्ले भाजलेल्या माशाला त्यात दुपारी दोन तास वीज गेली, की विषय संपला.

यावरचा उपाय मात्र आपल्या वऱ्हाडाला शोभणारा आहे. टाकीचं झाकण काढून पाण्यावर एक छोटा पंखा लावायचा. कूलरचंच तत्त्व. कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरतं, मुंबईच्या दमट हवेत ही चैन नाही. फक्त उडालेलं पाणी रोज भरावं लागतं, आणि ते साधं!

मासे गेल्यावर भाऊजींना एक कल्पना सुचली. ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

"मिठाचे पैसे काहून घालवा? आपल्याकडं खारं पानी फुकट आहे ना. दर्यापुराहून टाकी भरून आणू."

वाचकांपैकी जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी: अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी खारपाण पट्टा आहे. शेकडो गावं त्यात येतात. माझं आजोळ दर्यापूर तालुक्यातलं. लहानपणी सुट्टीत गेलो की विहिरीच्या पाण्यानं आंघोळ केल्यावर साबणाला फेस येत नसे आणि त्या पाण्यात डाळ शिजत नसे. पिढ्यान् पिढ्या लोकांनी हे सोसलं आहे. त्या पाण्याचा निदान माशांना तरी उपयोग व्हावा, हे भाऊजींचं स्वप्न मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण खारं पाणी म्हणजे समुद्र नव्हे. आपल्या विहिरींचा खारटपणा समुद्राच्या मानानं कितीतरी कमी असतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यातल्या क्षारांची जमवाजमव वेगळी. आपल्याकडे सोडियम आणि बायकार्बोनेटचा भरणा. समुद्रात सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचं प्रमाण ठरलेलं असतं. याचं उत्तम उदाहरण हरयाणात आहे. रोहतकजवळ लाहली इथं केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्थेचं केंद्र आहे. तिथं जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवून दाखवली आहे. पण त्यासाठी त्या पाण्यात पोटॅशियम बाहेरून मिसळावं लागतं, नाहीतर कोळंबी तग धरत नाही. म्हणजे जिभेला खारट लागलं म्हणून जिवाला चालेल असं नाही. भाऊजींना हे पटायला दोन रविवार गेले.

चौथा आरोपी दिसत नाही, तो माशाबरोबर घरी येतो. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके पाडणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी. टँग जातीचे मासे त्याला फार लवकर बळी पडतात. कधीकधी तो आधी कल्ल्यांत शिरतो, ठिपके दिसायच्या आत श्वास कोंडतो. एकदा तो मुख्य टाकीत शिरला, की तांब्याचं औषध तिथं घालता येत नाही, कारण कोळंबी, शंख, खेकडे त्यानं मरतात. मग टाकीत अडीच महिने एकही मासा न ठेवता परजीवी उपाशी मारावा लागतो. म्हणून जाणकार लोक प्रत्येक नव्या माशाला चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवतात. पन्नास लिटरची काच, आधीपासून चालवलेला स्पंज फिल्टर, लपायला प्लंबिंगच्या पाइपचे दोन तुकडे. बस्स. आपल्याकडे हे कोणी करत नाही, कारण पाहुण्यांना दाखवायला त्यात काही नसतं.

आता या सगळ्यावर कोणी म्हणेल, अरे, पण मासा खरंच आधीच आजारी असू शकतो की! बरोबर आहे, आणि ही बाजू मला सर्वात जास्त टोचते. गप्पी, गोल्डफिश हे पैदास केलेले मासे. समुद्री शोभेच्या माशांतले बहुतेक मात्र अजूनही प्रवाळांतून पकडून आणलेले असतात. 1960 च्या दशकात फिलिपिन्समध्ये प्रवाळांच्या फटीत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडायला सुरुवात झाली. बंदी असूनही तो प्रकार पुरता थांबलेला नाही. त्यातून वाचलेला मासा वरून धडधाकट दिसतो आणि काही दिवसांनी मरू शकतो. पकडणारा, साठवणारा, निर्यात करणारा, आयात करणारा, दुकानदार: प्रत्येक ठिकाणी नवं पाणी, नवी पिशवी. या साखळीतला शेवटचा माणूस मी. आणि शेवटच्या माणसानं तीन दिवसांची टाकी पुढं केली.

आपल्याकडून एवढं तरी होऊ शकतं: मासा दुकानात डोळ्यांसमोर खाताना पाहायचा. थोडे पैसे आगाऊ देऊन आठवडाभर तिथंच ठेवायला सांगायचा. आणि शक्यतो पैदास केलेलाच मासा मागायचा. क्लाउनफिशची पैदास आपल्याच देशात होते, केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेनं ते तंत्र बसवलेलं आहे. निळ्या टँगची पैदास अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या लोकांना 2016 साली पहिल्यांदा जमली, पण आपल्या दुकानात येणारा टँग समुद्रातून उचललेलाच आहे असं धरून चला. शिवाय तो फूटभर वाढतो. चार फुटी टाकीत तो आणलाच कशाला, हा प्रश्न मी दुकानात विचारायला हवा होता. आणि कोणी जिवंत प्रवाळाचे तुकडे पुढं केले तर हात जोडून निघा, वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला मनाई आहे.

मला तरी यात आपली सगळ्यांची एक सवय दिसते. आपण पैसे मोजले, म्हणजे वस्तू आज चालू झाली पाहिजे. मी स्वतः शुक्रवारी संध्याकाळी कोड प्रॉडक्शनवर ढकललाय आणि शनिवार-रविवार भोगलाय. तिथं मागचं व्हर्जन परत आणता येतं. इथं बटण नाही. आणि शिकताना चुकायचा खर्च माझ्या खिशातून गेला असं मी म्हणतो, तेव्हा खरा खर्च कोणी केला ते विसरतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोन महिने रिकामी टाकी बघत बसायची तयारी नसेल, तर खाऱ्या पाण्याच्या नादी लागू नका. गप्पी ठेवा, फायटर ठेवा, त्यांचाही थाट कमी नाही. नुसता समुद्र बघायचा असेल तर कोकणात जा.

आमच्या टाकीचं पुढं काय झालं? उन्हाळाभर ती कोरडी राहिली. पावसाळ्यात पुन्हा भरली, आरओचं पाणी आणि नीट मोजलेलं मीठ घालून. जिवाणूंना खाद्य म्हणून कोळंबीचा एक तुकडा टाकला. बाजारातून आणलेली, मेलेली. भाचीला एक वही आणि टेस्ट किट दिलं. आधी अमोनिया चढला, मग तो उतरून नायट्राइट चढला, सातव्या आठवड्यात दोन्ही शून्य. पोरगी दर रविवारी फोनवर आकडे वाचून दाखवायची, आमच्या क्लायंट कॉलपेक्षा शिस्तीत. नवरात्रात पैदास केलेल्या क्लाउनफिशची जोडी आली, दिवाळीनंतर वेगळ्या टाकीतून मोठ्या टाकीत गेली. आजही आहे.

जोडी मोठ्या टाकीत सोडली त्या दिवशी मी अकोल्यातच होतो. तेव्हा भाचीला खरं सांगितलं, की पहिले तीन आजारी होते की नाही ते मला माहीत नव्हतं, आम्ही घाई केली म्हणून ते मेले. तिनं थोडा विचार केला.

"मग तू तेव्हा तसं का सांगितलं नाहीस?"

याचं मूळ कारण अजून लिहून द्यायचं आहे.

असो. परवा भाऊजींचा पुन्हा फोन आला होता. टाकी छान जमली आहे, तर आता एक निळा आणायचा का? मी म्हणालो, आधी सहा फुटी टाकी घ्या, ती दोन महिने रिकामी चालवा, मग बोलू. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "ठेवतो मंग."